कपाटातला लॅपटॉप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पुरवणीत दिव्यांग विद्यार्थ्यांना साहित्य वाटप झाल्याचा फोटो आला होता. मागे बॅनर, पुढे पाहुणे, मध्ये एक मूल आणि त्याच्या हातात खोकं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतो. नोकरीला २७ वर्षं झाली. असं एक खोकं आमच्याही शाळेत आलेलं आहे. फोटो काढून झाल्यावर त्या खोक्याचं पुढे काय होतं, ते लिहावं म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एक पूर्ण अंध मुलगी आमच्याकडे सहावीत दाखल झाली. आधी ती शहरातल्या निवासी शाळेत होती, घरच्या अडचणीमुळे गावी परतली. ब्रेल तिला चांगलं येत होतं, आम्हाला कुणालाच येत नव्हतं. दिवाळीनंतर तिच्यासाठी लॅपटॉप आला. त्यात एनव्हीडीए घातलेलं होतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ साली ते बनवायला घेतलं आणि आजही ते फुकट मिळतं. मुख्याध्यापकांनी डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, नोंद घेतली, खोक्यावर स्केचपेननं नंबर टाकला आणि खोकं कपाटात गेलं. त्यांना मी दोष देत नाही. उद्या लॅपटॉप पडला-फुटला तर वसुली कुणाच्या पगारातून होणार, हे ज्यानं एकदा भोगलंय तोच जाणे. मुलगी अधूनमधून विचारायची, "गुरुजी, लॅपटॉप कधी काढायचा?" मी म्हणायचो, ट्रेनिंग झालं की.

ट्रेनिंग झालं फेब्रुवारीत. एक दिवस. दीपप्रज्वलन आणि स्वागत धरून जेवणापर्यंत दिव्यांगत्वाचे २१ प्रकार. जेवणानंतर पाऊण तास 'सहायक तंत्रज्ञान'. पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकत होती: ब्रेल डिस्प्ले, बोलणारं घड्याळ, अडथळा आला की थरथरणारी काठी. शिकवणारे सर अभ्यासू होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण शंभरेक शिक्षकांच्या त्या सभागृहात चालू स्थितीतलं एकही यंत्र नव्हतं, आणि त्यातलं काही वापरणारा एकही अंध माणूस नव्हता. शेवटी लिंक आली, दहा प्रश्न सोडवले, प्रमाणपत्र डाउनलोड झालं. कागदोपत्री मी तेव्हापासून प्रशिक्षित आहे. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बाहेर काढून चालू केला, तर तो बोलायला लागला आणि थांबेचना. ऑफिसात सगळे बघायला लागले. शेवटी मी त्याचं झाकण मिटलं. कंट्रोलची कळ दाबली की तो गप्प बसतो, एवढं कळायला मला आणखी तीन आठवडे गेले.

ते सांगितलं शेजारच्या गावच्या एका तरुणानं. जन्मापासून अंध आहे, बँकेत नोकरीला आहे, सुट्टीला गावी येतो. पहिल्या रविवारी चहा झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, टॉवेल आहे का?" मला वाटलं, हात पुसायला हवा असेल. त्यानं टॉवेल लॅपटॉपच्या पडद्यावर पसरला आणि यंत्र माझ्यापुढे सरकवलं. "आता माउसला हात लावायचा नाही. वर्ड उघडा आणि तुमचं नाव लिहा."

नाव लिहायला मला अकरा मिनिटं लागली. मध्ये दोनदा टॉवेल उचलून बघायचा मोह झाला, एकदा उचललाही. त्याला आवाजावरून कळलं की काय कोण जाणे, तो नुसता हसला. मग त्यानं एकेक कळ माझ्या बोटाखाली आणून दिली. इन्सर्ट ही सगळ्याची गुरुकिल्ली. ती धरून खालचा बाण दाबला की यंत्र सलग वाचत सुटतं. तीच धरून टी दाबलं की आपण कुठल्या खिडकीत आहोत ते सांगतं. वेबसाइटवर असताना नुसतं एच दाबलं की मथळ्यावरून मथळ्यावर उडी. इयरफोन एकाच कानात घालायचा, दुसरा कान वर्गाकडे. असे चार रविवार झाले. एकूण बारा तास असतील. त्या बारा तासांचं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

सोमवारी मी लॅपटॉप वर्गात नेला. मुलीनं तासाभरात त्याचा वेग इतका वाढवला की मला शब्द कळेनात. मी म्हटलं, "अगं, जरा हळू कर, मला कळू दे." ती म्हणाली, "गुरुजी, मग तुम्ही कधी ऐकणार आणि मी कधी लिहिणार?"

पुढची फजिती माझी एकट्याची. घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मी हौसेनं टाइप करून पेनड्राइव्हवर दिली. तिनं इयरफोन लावला आणि हसायलाच लागली. "गुरुजी, पोपट येडा झालाय." यंत्राच्या त्या कोरड्या आवाजाला ती पोपट म्हणते. मी ऐकलं तर जिथं 'शाळा' लिहिलं होतं तिथं पोपट 'के के जी के' असं काहीतरी पुटपुटत होता. मी टायपिंग शिकलो ते कृतिदेवमध्ये. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी कळेवर चढवलेलं नुसतं चित्र. काना म्हणजे के, ळ म्हणजे जी. डोळ्यांना शाळा दिसते, यंत्राच्या पोटात मात्र के के जी के. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक असलेल्या पद्धतीत, टाइप केला की पोपट शहाण्यासारखा 'शाळा' म्हणतो. माझ्याकडच्या इतक्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, स्वाध्याय, टिपणं, सगळं तिच्या दृष्टीनं एका फटक्यात रद्दी ठरलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून मी युनिकोड टायपिंग नव्यानं शिकलो. वरून येणारी परिपत्रकं तर त्याहून पुढची. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून पाठवलेला असतो, म्हणजे आख्खं पान हेच एक चित्र. पोपट तिथं तोंडच उघडत नाही. अंध मुलांच्या सवलतींबद्दलचं एक पत्रकही मला याच थाटात आलं होतं. मी ते तिला वाचून दाखवलं.

फोनचं सांगायचं तर प्रत्येक शिक्षकाच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचं बोलून दाखवणारं टॉकबॅक बहुधा असतंच, विकत काही घ्यायचं नाही. पण मागे एका शिक्षण परिषदेत एका सहकाऱ्यानं उत्सुकतेपोटी ते चालू केलं. टॉकबॅकमध्ये एकदा बोट टेकवलं की फोन फक्त नाव सांगतो, उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते, आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. हे ठाऊक नसल्यानं फोन बडबडत राहिला, बंद होईना. आम्ही सगळे हसून बेजार. संध्याकाळी त्यांनी तो बाजारातल्या दुकानात दिला, दुकानदारानं सरळ रिसेट मारला. त्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो गेले. तेव्हापासून आमच्या केंद्रातल्या शाळांमध्ये टॉकबॅक म्हणजे फोनला होणारा एक रोग आहे, अशी समजूत आहे. पाच मिनिटांची माहिती तेवढी कमी पडली.

आता थोडं गणिताबद्दल, कारण माझं पोट त्यावर आहे. चित्र म्हणून चिकटवलेलं समीकरण एनव्हीडीए वाचत नाही, हे मला लवकर कळलं. पण माझी खरी अडचण यंत्राची नव्हतीच, जिभेची होती. २७ वर्षं फळ्यावर खडू टेकवून मी म्हणत आलो, "हे इकडे नेलं की याचं चिन्ह बदलतं." हे म्हणजे काय? इकडे म्हणजे कुठे? याचं म्हणजे कुणाचं? ती मान खाली घालून बसायची आणि मला वाटायचं, गणितात कच्ची आहे. आता मी म्हणतो, "दोन एक्स अधिक तीन बरोबर अकरा. अधिक तीन उजव्या बाजूला नेले, उणे तीन झाले." गंमत म्हणजे मागच्या बाकावरची, चांगले डोळे असलेली चार-पाच मुलंही आता बरोबर उत्तर देतात. आणि आकडेमोड ती लॅपटॉपवर करतच नाही, टेलर फ्रेमवर करते, म्हणजे अंधांच्या आकडेमोडीच्या भोकांच्या पाटीवर. आठ कोनांच्या भोकात धातूचा खिळा आठ तऱ्हांनी बसतो, खिळ्याला दोन टोकं, म्हणजे झाली सोळा चिन्हं. अंक आणि बेरीज-वजाबाकी त्यात भागते. तिची बोटं त्यावर अशी फिरतात की बघत राहावं.

लॅपटॉप आला आता ब्रेल कशाला, असं मला दोघा-तिघांनी सुचवलं. त्यांनी तिची नुसतं ऐकून टाइप केलेली वही बघावी. 'कि' आणि 'की' कानाला सारखेच. ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं तिला बोटांनीच कळतात. म्हणून मीही ब्रेल शिकलो, डोळ्यांनी वाचण्यापुरतं. सहा टिंबांची ६३ चिन्हं. पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. शिवाय आपली पहिली वेलांटी ब्रेलमध्ये अक्षराच्या नंतर येते, बोलताना येते तशी. फिरते विशेष शिक्षक पंधरा दिवसांतून एकदा येतात, तेही तीन गावं करून. तिचा गृहपाठ तोवर पडून राहायचा. आता मी रोज तपासतो, चुकाही काढतो. चुका निघायला लागल्यावर ती खूष झाली, हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

सातवीत एक अल्पदृष्टी मुलगाही आहे. त्याची गोष्ट वेगळी, आणि माझी चूक जास्त मोठी. त्याची बुबुळं सतत हलत असतात. मान एका बाजूला वाकडी केली की ती थोडी स्थिरावतात आणि त्याला बरं दिसतं. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी वर्षभर त्याला दटावत होतो, "मान सरळ ठेव." पहिल्या बाकावर बसवलं, तर शेजारच्या खिडकीचा उजेड डोळ्यांवर. "दिसतंय का?" विचारलं की "हो." पोरं नेहमी हो म्हणतात. भिंग त्याच्या दप्तरात होतं, पण मुलं चिडवतात म्हणून काढत नव्हता. त्याच्यासाठी आम्ही प्रश्नपत्रिकेची मोठ्या कागदावर झेरॉक्स काढायचो. तिनं अक्षर मोठं होतं, पण राखाडीही होतं, आणि कागद बाकावर मावत नाही. तीच प्रश्नपत्रिका ठळक २० पॉइंटमध्ये छापली की भागतं. फळ्याचा फोटो घेऊन रंग उलटे केले, पांढऱ्यावर काळं, की तो स्वतःचं स्वतः वाचतो. शाळेत मोबाइलला बंदी आहे, म्हणून तो माझा फोन वापरतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये शिक्षकांचं प्रशिक्षणही आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि उपकरणं मोफत देणंही आहे. वाटप कलमाप्रमाणे होतं, फोटोही निघतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर म्हणतं, की दिव्यांग मुलांना कसं शिकवायचं हे प्रत्येक शिक्षकाच्या शिक्षणातच असावं. प्रत्येक शिक्षकाच्या म्हणजे विशेष शिक्षकांच्या एकट्याच्या नव्हे. मुलीसमोर दिवसाचे सहा तास उभा मी असतो, मराठीच्या बाई असतात, इतिहासाचे सर असतात. बोलावणं मात्र शाळेतून एकालाच येतं, आणि ज्याला त्या दिवशी काम कमी तो जातो.

शंभर जणांचं सभागृह नको. ज्या शाळेत असं मूल आहे, तिथल्या सगळ्या विषयशिक्षकांना त्या मुलाच्या लॅपटॉपसह, जमलं तर त्या मुलासह, दोन दिवस बसवा. शिकवायला ते यंत्र रोज वापरणारा अंध माणूस बोलवा. त्याला रीतसर मानधन द्या, चहावर भागवू नका. (आमच्या त्या तरुणानं एक पैसा घेतला नाही, याची मला लाज वाटते.) महिन्याभरानं पुन्हा एक दिवस ठेवा, कारण प्रश्न तेव्हा पडतात. आणि उपकरण मुलाला घरी नेऊ द्यावं, मोडतोड झाल्यास शिक्षकाकडून वसुली होणार नाही, असं एक ओळीचं पत्र काढा. एवढ्या एका ओळीनं कितीतरी कपाटं उघडतील. तेवढं पत्र युनिकोडमध्ये टाइप केलेलं असावं.

घाई एवढ्यासाठी, की मुलगी आता आठवीत आहे. आमची शाळा आठवीपर्यंतच. जूनमध्ये ती पलीकडच्या गावच्या हायस्कूलला जाईल. लॅपटॉप आमच्या डेडस्टॉकला आहे, तो तिच्याबरोबर जाणार की इथंच राहणार, याचं उत्तर मी तीन टेबलांवर विचारलं, मिळालेलं नाही. त्या हायस्कूललाही जाऊन आलो. सर सभ्यपणे म्हणाले, "गुरुजी, आधी मुलगी तर येऊ द्या, मग बघू." तिथले सहा-सात विषयशिक्षक मे महिन्यात दोन दिवस आमच्या शाळेत आले तर तो बँकेतला मुलगा रजा काढून यायला तयार आहे, मी त्याला विचारून ठेवलंय. मुलगीही येईल. सुट्टीत मी गावातच असतो, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे.

आपला,
एक पदवीधर शिक्षक, जि. सातारा
(जिल्हा परिषदेच्या सेवेत असल्यानं नाव छापू नये, ही विनंती.)