विश्वास आणि पुरावा : मुलास पत्र

चि. लेकास,
अनेक आशीर्वाद.

ज्या गोष्टीला पुरावा नाही ती आम्ही प्रयोगशाळेत मानत नाही, मग उपासनेला बसताना हा नियम बाजूला का ठेवायचा, असे तू विचारले आहेस. ‘विश्वास म्हणजे पुराव्यावाचून मानणे’ असे तुझे मित्र म्हणतात आणि तुलाही ते पटू लागले आहे, असे पत्रावरून दिसते. ही व्याख्या आपण मान्य करू नये असे मला मनापासून वाटते, कारण ती एकदा मान्य केली की आपला ख्रिस्ती धर्म ज्या घटनेवर उभा आहे ती, म्हणजे येशूचे मरणातून उठणे, घडली काय आणि न घडली काय, सारखेच होऊन बसते.

आरंभीच्या मंडळ्यांना पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने तसे कधीच म्हटले नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो उघड लिहितो की, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. आपली शिकवण कशाने खोटी ठरेल हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. त्याच्या थोडे आधी तो उठलेल्या ख्रिस्ताला पाहणाऱ्या साक्षीदारांची नावे देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, याकोब, आणि एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत असेही तो नमूद करतो. हे पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ या काळातले, म्हणजे येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर पंचवीस वर्षांच्या आतबाहेरचे आहे. ही तारीख कशी ठरली ते तुला आवडेल. करिंथ येथे पौलाला गल्लियो नावाच्या रोमी अधिकाऱ्यापुढे उभे केले गेले, असे नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात लिहिले आहे, आणि ग्रीसमधील डेल्फी येथे सापडलेल्या एका शिलालेखात रोमी सम्राट क्लौद्याने याच गल्लियोचा उल्लेख केला आहे. त्या लेखावरून गल्लियोचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ च्या सुमाराचा ठरतो आणि तेथून पौलाच्या प्रवासांची व पत्रांची कालगणना मांडता येते. शिवाय आपण यरुशलेमेत केफाकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभू येशूचा भाऊ याकोब यालाही भेटलो, असे पौल गलतीकरांस लिहितो. ज्यांची नावे त्याने साक्षीदार म्हणून दिली, त्यांच्यातील प्रमुखांशी तो समोरासमोर बोलला होता.

आता या पुराव्याची मर्यादाही सांगते. कैसरिया येथे १९६१ साली, येशूला वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पंतय पिलात याचे नाव कोरलेला दगड सापडला, तेव्हा पिलात त्या प्रांतात सत्तेवर होता हे पक्के झाले. येशूची कबर रिकामी होती की नाही, हे त्या दगडाला सांगता येत नाही. पहाटे कबरेकडे कोण कोण स्त्रिया गेल्या आणि तेथे त्यांनी काय पाहिले, याविषयी चारही शुभवर्तमानांचे तपशील जुळत नाहीत. मार्काच्या सोळाव्या अध्यायातील नवव्या ओवीपासूनचा भाग सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाही. शब्बाथ शाळेतल्या मोठ्या मुलांना मी हे सांगते, कारण पुढे कुणी बाहेरच्याने सांगितले तर आपल्यापासून ते लपवून ठेवले होते असे त्यांना वाटेल.

याहून मला अधिक टोचते ती खोट्या पुराव्याची सवय. इटलीतील तुरिन येथे येशूचे कफन म्हणून जपलेल्या कापडाची १९८८ साली ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना येथील प्रयोगशाळांनी तपासणी केली आणि ते इ.स. १२६० ते १३९० या काळातले असल्याचा निष्कर्ष निघाला, तरी त्याची चित्रे ‘पुरावा’ म्हणून अजून फिरतात. आपल्याकडच्या काही चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभांत तर कुणी व्यासपीठावर येऊन कॅन्सर गेल्याची साक्ष देतो आणि रिपोर्ट मागणाऱ्याला अविश्वासू ठरवले जाते. आजारी माणसाने औषध सोडावे इतपत हे जाते, आणि ते प्रभूच्या नावाने होते याचा मला संताप येतो. फ्रान्समधील लूर्द या तीर्थक्षेत्री कॅथलिक मंडळी बरे झाल्याचे दावे डॉक्टरांकडून वर्षानुवर्षे तपासून घेते. हजारो दाव्यांपैकी सत्तरच्या आसपासच चमत्कार म्हणून मान्य झाले आहेत. त्या काटेकोरपणाने तेथे येणाऱ्यांची श्रद्धा कमी झालेली नाही.

मग उरते काय? येशूच्या शिष्यांनी अगदी आरंभापासून ‘आम्ही त्याला जिवंत पाहिले’ असे सांगितले आणि त्यासाठी छळ सोसला, येथपर्यंत इतिहास आपल्याला आणून सोडतो. त्यांनी जे पाहिले ते देवाचे कार्य होते का, याचे उत्तर मात्र देव या जगात काही करतो असे आपण मुळात मानतो की नाही, यावरही अवलंबून असते. माझा विश्वास आहे की तो करतो, आणि हा विश्वास मी साक्ष तोलून ठेवला आहे. थोमा या शिष्याने उठलेल्या येशूच्या हातांचे व्रण पाहायला मागितले तेव्हा प्रभूने त्याला घालवून दिले नाही, हात पुढे केले. ‘पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारे धन्य’ हे वाक्य तुझे मित्र पुढे करतील. पण त्यानंतर लगेचच शुभवर्तमान लिहिणारा योहान म्हणतो की, तुम्ही विश्वास धरावा म्हणून ही चिन्हे लिहिली आहेत. ज्यांना पाहता आले नाही त्यांच्या हाती पाहणाऱ्यांची साक्ष दिली आहे, आणि साक्ष म्हटली की ती तपासण्याचा हक्क आलाच.

गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय शेजारी ठेवून वाच, आणि पौलाची साक्ष तुला कोठे कच्ची वाटते ते मला संकोच न करता लिही.

तुझी,
आई