प्रायश्चित्त कोणी घेतलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ ऑक्टोबर जवळ आला की १५१७ साली जर्मनीतल्या विटेनबर्गला मार्टिन ल्यूथरने मांडलेले ९५ सिद्धान्त आणि त्यांतून सुरू झालेली ख्रिस्ती धर्मसुधारणा यांची उजळणी होते. त्या ल्युथरन परंपरेतला, चर्चमध्ये उपदेश करणारा उपदेशक मराठी असला की त्याच्या उपदेशात काय घडतं, याकडे मात्र क्वचितच कोणी पाहतं.

ल्युथरन उपदेश दोन गोष्टी वेगळ्या राखतो. नियमशास्त्र माणसाचं पाप उघडं करतं आणि सुवार्ता ख्रिस्ताने त्याच्यासाठी काय केलं ते सांगते. मराठीत त्यांची सरमिसळ पुष्कळदा शब्दांतूनच होते. ‘प्रायश्चित्त’ घ्या. योहानाच्या पहिल्या पत्रात (२:२) ख्रिस्त हाच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे, असं मराठी बायबल सांगतं. पण आपल्याकडे चुकला त्यानेच प्रायश्चित्त घ्यायचं, ही शेकडो वर्षांची समजूत! श्रोत्याच्या कानी नेमका उलटा अर्थ पोचतो. ‘नीतिमान ठरवणं’ याचंही तेच. मूळ कल्पना न्यायालयातली, आरोपीच्या बाजूने लागलेल्या निकालाची. मराठी कानाला ते चांगल्या वर्तणुकीचं प्रमाणपत्र वाटतं. शब्द बदलायची गरज नाही. उच्चारल्याबरोबर त्याची फोड करावी: ‘हे प्रायश्चित्त तुम्ही घ्यायचं राहिलेलं नाही, त्याने घेतलं.’

दुसरी अडचण आपल्या भिडेची आहे. वडीलधाऱ्यांना थेट काही सांगणं जिवावर येतं, म्हणून उपदेशक ‘आपण’चा आडोसा घेतो आणि ‘आपल्याला क्षमा लाभो’ म्हणून थांबतो. ही झाली प्रार्थना. ल्यूथरच्या १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत (श्रद्धेची शिकवण देणारी पुस्तिका) प्रभुभोजनाविषयी, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीविषयी, सांगताना ‘तुमच्यासाठी’ या शब्दावर सगळा भर आहे. पापाबद्दल बोलताना ‘आपण’ योग्यच, कारण उपदेशकही त्यात आला. क्षमेपाशी आल्यावर मात्र ‘तुमच्या पापांची क्षमा झाली आहे’ असं स्पष्ट म्हणायलाच हवं, समोर ऐंशी वर्षांच्या आजी बसल्या असल्या तरी.

कीर्तनाचा साचा मराठी चर्चला निदान ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांच्या काळापासून परिचित आहे आणि तो टिकावा असं मनापासून वाटतं. पूर्वरंगात बायबलमधल्या वचनाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, ही रचना श्रोत्याला धरून ठेवते. घसरण होते ती आख्यानात. बायबलमधला पूर्वज अब्राहाम आदर्श भक्त बनतो, आपणही तसंच वागावं असा उपदेश सुरू होतो आणि अखेरची पाच मिनिटं ‘पाहिजे’, ‘करू या’, ‘सोडू या’ यांतच जातात. नवस बोलणं-फेडणं पाहत वाढलेल्या मनाला त्यातून एवढंच कळतं की इतकं केलं तर देव पावेल. यावर उपाय सोपा आहे. शनिवारी लिखाण पुरं झालं की प्रत्येक ‘पाहिजे’खाली रेघ ओढावी. मग शेवटच्या परिच्छेदातल्या क्रियापदांचे कर्ते शोधावेत. त्यांत देव कुठेच नसेल तर परिच्छेद पुन्हा लिहावा आणि अब्राहामाचं आख्यान देवाने त्याला दिलेल्या वचनावर आणून संपवावं.

भाषांतराविषयीच्या १५३० च्या पत्रात ल्यूथरने घरातली आई, रस्त्यावरची मुलं आणि बाजारातला माणूस कसा बोलतो ते ऐकायला सांगितलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बायबलचं भाषांतर साध्या मराठीत केलं, तेही याच ओढीने. पुण्यात तो बाजार म्हणजे मंडई. नगर-जालन्याकडून आलेल्या उपदेशकाने व्यासपीठावर चढताना आपली बोली खाली ठेवू नये. निदान क्षमेचं वाक्य तरी तो घरी बोलतो त्या मराठीत यावं.

आपले,
उपदेशाचा अभ्यास करणारे काही वाचक, पुणे