दीड वर्षाच्या मेंबरला पण लायब्ररीत घ्या

माननीय संपादक, नमस्कार.

मागच्या आठवड्यात नातीला कडेवर घेऊन आमच्या इथल्या लायब्ररीत गेले होते. दीड वर्षाची आहे, म्हटलं चित्रांचं एखादं पुस्तक मिळतंय का बघूया. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "आजी, आधी वाचता येऊ दे हिला, आत्ता काय, फाडून ठेवेल." हसतच म्हणाले, पण मला काही ते पटलं नाही.

फाडेल, कबूल. चावते सुद्धा. घरी जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक आहे, त्याचे कोपरे चोखून चोखून लगदा झालाय. पण त्याच पुस्तकात मांजरावर बोट ठेवून "माऊ" म्हणते, मग पान उलटून वाघावर पण "माऊ", मी म्हणते अगं हा वाघोबा, तर माझ्या ओठांकडे टक लावून बघत बसते आणि दोन दिवसांनी वाघ दिसला की "बाबा" म्हणते (माझा मुलगा म्हणतो चालेल, वाघ तर वाघ). पुस्तक उलटं धरते, शेवटून सुरू करते. वाचायला लागणं म्हणजे अजून काय वेगळं असतं हो?

सूनबाई आधी जेवताना मोबाईलवर गाणी लावून द्यायची, तिलाही दोष देत नाही, लोकल पकडायची घाई असते. पण आमच्या डॉक्टरांनी सांगितलं दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. २००३ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलला बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल बाईंनी नऊ-दहा महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला होता. काही बाळांसमोर बसून, खेळत, पुस्तकं दाखवत चिनी भाषेत बोलले, १२ वेळा, तर त्यांना त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखता यायला लागले. तेच बोलणं दुसऱ्या बाळांना टीव्हीवर दाखवलं, त्यांना काही म्हणजे काही जमलं नाही. म्हणजे आपले ळ आणि ण सुद्धा माणसाच्याच तोंडून कानात जायला हवेत, कार्टूनच्या नाही.

सरकारचं पण २०२४ मध्ये 'नवचेतना' नावाचं काहीतरी आलंय, जन्मापासून तीन वर्षांपर्यंत बाळाशी काय बोलायचं, काय खेळायचं. चांगलंच आहे, पण अंगणवाडीच्या ताईंच्या डोक्यावर आधीच वजनं, रजिस्टरं, आहाराची पाकिटं, त्या बोलणार कधी? आणि आमच्या बिल्डिंगमध्ये तर कोणी फिरकतही नाही. आदिवासी पाड्यांवर बालवाड्या चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ त्या काळी पोरांच्या अंगणात जाऊन बसल्या, आता पोर आपण होऊन लायब्ररीच्या दारात आलं तर आपण त्याला परत पाठवतो.

माझं मागणं फार मोठं नाही. एका कोपऱ्यात सतरंजी, खालच्या कप्प्यात जाड पुठ्ठ्याची वीस-पंचवीस मराठी पुस्तकं, फाटली तर फाटली म्हणून वेगळी ठेवलेली. डिपॉझिट हवं तर आजीच्या नावावर घ्या. दुपारी अर्धा तास मी स्वतः येऊन बसेन, सोसायटीतल्या अजून दोघी तयार आहेत, आम्हाला तरी दुपारी कुठे काय काम असतं.

तोपर्यंत घरचं पुस्तक सेलोटेप लावून चालू आहे. माऊची शेपटी मात्र शनिवारी पोटात गेली.

– एक आजी, डोंबिवली