घाट चढण्याआधीचे गणित

रत्नागिरी,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

एवढी वर्षे रुग्णवाहिकेवर काढल्यावर आता नव्याने शिकण्यासारखे काय उरले आहे, असे तू फोनवर विचारलेस आणि मी हसून विषय टाळला. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात कसा न्यावा, याचे प्रगत प्रशिक्षण परवा संपले, आणि त्यानंतर माझी दोन रात्री नीट झोप झालेली नाही, हे खरे उत्तर होते.

आपल्याकडे २०१४ मध्ये १०८ ची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्यांपैकी २३३ प्रगत जीवनरक्षक होत्या, आणि गाडीवर तंत्रज्ञाऐवजी डॉक्टर असावा असे ठरले. हे डॉक्टर बहुतांशी तुझ्यामाझ्यासारखे आयुर्वेदाचे पदवीधर. निर्णय चांगलाच होता. पण पदवी आहे म्हणजे वेगळ्या प्रशिक्षणाची गरज नाही, असा एक समज त्यातून रुजला आणि तो मीही आनंदाने बाळगला. आमच्या तुकडीत डॉक्टर होते, अतिदक्षता विभागातल्या परिचारिका होत्या आणि दोन पायलटही, म्हणजे गाडीचे चालक, होते. पहिल्याच दिवशी एका सिस्टरांनी आम्हा डॉक्टरांना गप्प केले. रक्तदाब टिकवून धरणाऱ्या नॉरॲड्रेनालिनची पंपावरची सिरिंज संपल्यावर दुसरी लावू, असे मी म्हणालो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, त्या औषधाचा परिणाम दोन-तीन मिनिटांतच ओसरू लागतो. पहिली संपण्याआधी दुसऱ्या पंपावर दुसरी सुरू झालेली असली पाहिजे."

तुला मागे सांगितलेला तो प्रसंग आठवतो का? स्ट्रेचर गाडीत चढवताना श्वासनलिकेतली नळी सरकली, यंत्राचा भोंगा वाजू लागला आणि मी रुग्णाकडे पाहायचे सोडून यंत्राची बटणे चाचपत राहिलो. बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा तेव्हा चांगला होता, त्यामुळे मी निश्चिंत होतो. तो आकडा उशिराने घसरतो, हे मला पुस्तकातून माहीत होते, पण हाताला माहीत नव्हते. रुग्ण वाचला, तो सोबतच्या अनुभवी मदतनिसामुळे. या वेळी तोच प्रसंग सरावाच्या पुतळ्यावर आमच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घेतला. भोंगा वाजला की प्रथम यंत्र सोडवून हाताने दाबायच्या पिशवीने श्वास द्यायचा, आणि मग क्रमाने पाहायचे: नळी जागेवर आहे का, ती कफाने तुंबली आहे का, छातीत फुप्फुसाबाहेर हवा कोंडली आहे का, आणि सर्वांत शेवटी यंत्र बिघडले आहे का. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या कॅप्नोग्राफवरची श्वासाची लहर मात्र लबाडी करत नाही. नळी श्वासनलिकेतून बाहेर पडली की ती काही श्वासांतच सपाट होते, ऑक्सिजनचा आकडा घसरण्याच्या कितीतरी आधी.

ऑक्सिजनचे गणित मी आजवर अंदाजाने करत आलो, हे तुझ्यापाशी कबूल करतो. बी प्रकारच्या सिलिंडरची पाण्याची क्षमता सुमारे १० लिटर आणि भरलेला दाब वातावरणाच्या सुमारे १५० पट, म्हणून आत १,५०० लिटर वायू. मिनिटाला १० लिटर लागले तर १५० मिनिटे. इथून आंबा घाटाने कोल्हापूरला तीन तास धर, म्हणजे मलकापूर ओलांडल्यावर कुठेतरी काटा शून्यावर. शिवाय घाटात एखादा ट्रक आडवा झाला तर? म्हणून लागेल त्याच्या दुप्पट ऑक्सिजन असल्याशिवाय गाडी हलवायची नाही. (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला सगळे 'सीपीआर'च म्हणतात, त्यामुळे वर्गात हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबत राहा या अर्थाने "सीपीआर चालू ठेवा" म्हटले की एक पायलट दर वेळी "कोल्हापूरलाच चाललोय" म्हणायचा.)

सगळ्यांत जास्त मनात राहिली ती मण्यारीची केस. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. बाहुल्या विस्फारलेल्या, हालचाल शून्य, आणि नातेवाईक रडू लागतात. पण तो माणूस शुद्धीवर असू शकतो, सगळे ऐकत असू शकतो. मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा प्रतिविषाने उलटत नाही. ती भरून येईपर्यंत, कधी कित्येक दिवस, कोणीतरी त्याच्यासाठी श्वास घ्यायचा असतो. आम्हाला आळीपाळीने डोळे मिटून निपचित झोपवले आणि इतरांनी आमच्याविषयी बोलायचे, असा सराव घेतला. कोणीतरी माझ्या उशाशी म्हणाले, "हा काही राहत नाही." तो खेळ होता, तरी माझ्या पोटात गोळा आला. आता मी अशा रुग्णाशी नाव घेऊन बोलतो आणि पिशवी दर सहा सेकंदांनी एकदाच, हलक्या हाताने दाबतो. घाईघाईने दाबल्यास छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त अडते, हे माझ्या घाबऱ्या हाताला पटायला तीन दिवस लागले.

पुढच्या तुकडीसाठी तुझे नाव सुचवले आहे. रजेचे तू पाहा. तोवर एक कर. उद्या गाडीवर गेलास की कॅप्नोग्राफ चालतो का, पंपाची बॅटरी विजेविना किती वेळ टिकते आणि सिलिंडरचा काटा कुठे आहे, हे स्वतः पाहा आणि मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
वसतिगृहातला जुना शेजारी