बाळ्या, भाऊंना विचारून सांग

रत्नागिरी,
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय बाळ्या,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा गिऱ्हाईक आहे म्हणून मी ठेवला. रागावला असशील. रागाव, पण हे पुरतं वाच. माझी शुगर ताब्यात आहे, गुडघा तसाच. आईला दिसतं कमी, पण मी वाढीव साखर घेतली की बरोब्बर दिसतं.

आज मी दुकान उघडलं. रविवारी.

हिशेबाची वही न्यायला गेलो होतो. राम आळी नेहमीसारखी सामसूम. आपण ज्या पायऱ्यांवर स्टंप आखायचो तिथे कुत्री पसरलेली. तेवढ्यात गोखले नाक्याकडून एक कोल्हापूर पासिंगची गाडी आली. चारेक वर्षांचं पोर भाट्याला लाटेत पडलेलं, बापाच्या शर्टात गुंडाळलेलं, दात कडाकडा वाजतायत. बाई म्हणाली, “दादा, एक चड्डी नि बनियन मिळेल का हो? अख्खा बाजार फिरलो.” मी शटर अर्धं वर केलं. रिकाम्या आळीत तो खडखडाट इतका मोठा वाटला की वरच्या माडीवरची खिडकी उघडली. चड्डी, बनियन, दोन टॉवेल, वर एक गाऊन. पोराने कोरडे कपडे घातले आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसलं. ती मंडळी गेली आणि मी गल्ल्यापाशी तसाच बसून राहिलो. का ते घरात कोणाला सांगून कळणार नाही, तुलाच कळेल.

98 साल. रेल्वे नुकतीच पूर्ण सुरू झालेली, गणपतीआधीचा रविवार. शनिवारच्या गाडीने चाकरमानी उतरले होते, सोमवारी सगळे आपापल्या गावी पांगणार. तुमच्या दुकानापाशी भाऊ म्हणाले, दारात आलेलं गिऱ्हाईक परत कसं लावू? त्यांनी शटर अर्धं उघडलं, आणि पाऊण तासात सात-आठ जण पायरीशी उभे. पुढे माझे बाबा. तेव्हा 1948 चा कायदा होता, आठवड्यातून एक दिवस दुकान बंद म्हणजे बंद, आणि गुमास्तावाल्याला, म्हणजे दुकानं तपासणाऱ्या सरकारी माणसाला, बोलावू असं कोणीतरी म्हणालं. ते बाबाच म्हणाले होते. भाऊंनी एक शब्द न बोलता शटर ओढलं. मी बाबांच्या मागे उभा होतो, तू आतून बघत होतास. त्यानंतर दिवाळी होऊन गेली तरी तू माझ्याशी बोलला नाहीस. मी ते कधी काढलं नाही, तूही नाही. आज काढतोय. मी तेव्हा पुढे यायला हवं होतं, बाळ्या. माफ कर.

(आणि माझी बॅट तू त्या रागात ठेवून घेतलीस ती अजून तुझ्याकडेच आहे, हेही आज काढतो.)

आता संध्याकाळपर्यंत आळीत बोभाटा झालाय. गुरुवारी व्यापाऱ्यांची बैठक आहे आणि विषय तोच: रविवारी बाजार उघडायचा का. तरुण पोरं म्हणतात, पर्यटक येतात शुक्रवारी रात्री आणि जातात रविवारी दुपारी. थिबा राजवाडा बघतात, आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जातात, आणि जाताना कोकम, आंबापोळी, काजूगर घ्यायला पाकीट काढतात तेव्हा आपली शटरं खाली. मग तो पैसा रस्त्यावरच्या टपऱ्यांना नि मारुती मंदिराकडच्या मोठ्या दुकानांना. खोटं नाही. सरकारनेही 2017 च्या कायद्यात वर्षाचे 365 दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली आहे.

पण त्याच कायद्यात कामगाराला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी द्यायलाच हवी असंही आहे, आणि तो कायदा आला तोच मुळी दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांसाठी. आपल्या आळीत दहा माणसं कोणाकडे आहेत? माझ्याकडे दोन. मावशी आणि एक पोरगा. म्हणजे त्यांची सुट्टी काय ती आळीच्या बंद शटरवरच टांगलेली. ते शटर वर गेलं की त्यांना विचारणारं कोणी नाही.

मावशींना मी मघाशी फोन करून विचारलं, सोमवारी सुट्टी चालेल का? त्या जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या, “चालेल हो भाऊ. पण सोमवारी पोरगी शाळेत, नवरा कामावर. मी एकटीच घरात बसून काय करू?” एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं, तेही असं. शिवाय सोमवार म्हणजे घरोघरी उपास. रविवारी मिरकरवाड्याहून बांगडे आणून खाण्यात जी मजा ती सोमवारच्या वरणभाताला येणार आहे का? तूच सांग, तू तर बांगड्यासाठी परीक्षेचा पेपर अर्धा सोडून आला होतास.

नारायण मेघाजी लोखंड्यांनी सहा वर्षं झगडून गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला, 10 जून 1890 ला. त्या गिरण्यांत आपल्या कोकणातलेच किती तरी राबत होते. तो रविवार मी बैठकीत हात वर करून काढून घेऊ?

रात्री जेवताना एक विचार पक्का झाला. ज्याला उघडायचं त्याने रविवारी उघडावं, पण मालकाने स्वतः बसावं. घरची माणसं बसतील, पगारी माणूस त्या दिवशी बोलावायचा नाही, आणि हे सगळ्यांनी लिहून द्यायचं. दोन मुलगे असलेल्यांना हे सोपं जाईल. माझी पोरगी पुण्याला, हिला गल्ल्यावर बसणं जमत नाही, म्हणजे मी एकटाच. महिन्यातून दोन रविवार बसेन. धंदा कमी होईल तो होईल. बाबा म्हणायचे, “एकाने उघडलं की सगळ्यांना उघडावं लागतं.” त्यात ते चुकले नव्हते. म्हणूनच मावशींना मध्ये ओढायचं नाही.

भाऊंना हे वाचून दाखव. ऐकू कमी येतं म्हणालास, उजव्या बाजूला बस. त्यांना विचार, मी हे मांडू का? आणि मांडताना 98 सालचं बोलू का? त्यांनी नको म्हटलं तर त्यांचं नाव निघणार नाही. हो म्हणाले तर बाबांची चूक मी सगळ्यांसमोर सांगेन. बुधवारी रात्रीपर्यंत फोन कर, गिऱ्हाईक असलं तरी उचलतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? डोंबिवलीतच राहणार ना? वहिनींची पाठ बरी असेल. चिऊला बारावीला किती मिळाले तेही मला दुसऱ्याकडून कळावं, हे काही बरं नाही.

शेजारचा मुलगा शुक्रवारी मांडवी एक्स्प्रेसने येतोय, त्याच्याकडे आंबापोळी देतो. त्यातली एक भाऊंसाठी वेगळी बांधली आहे, साखर कमी घातलेली. ती तू खायची नाहीस.

तुझाच,
पक्या