फळ्यावरच्या निळ्या ठिपक्याबद्दल आभार

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. शाळेची घंटा वाजली की तो कान दाबून बाकाखाली शिरायचा आणि वहीत शेरा यायचा, 'ऐकत नाही.' अहो, त्याला तर सगळ्यांपेक्षा जास्त ऐकू येत होतं!

हे ज्या बाईंनी पहिल्यांदा ओळखलं, त्यांचे आभार कसे मानू? त्यांनी त्याला दारापासून लांब, भिंतीकडेचा बाक दिला. घंटेच्या दोन मिनिटं आधी त्या फळ्यावर निळा ठिपका काढतात. तो दिसला की हा दप्तरातून इअरमफ काढतो आणि निवांत कानांवर चढवतो. खर्च म्हणाल तर एक खडू.

त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, म्हणजे रोजचे व्यवहार जमावेत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांनी, शाळेला पानभर पत्र लिहून दिलं. आवाज, प्रकाश, स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं हे २०१३ च्या 'डीएसएम-५' या निदान-पुस्तिकेत ऑटिझमच्या निकषांमध्येच आहे, असं त्यात होतं. 'फार लाडावलाय' हे ऐकणं त्यानंतर थांबलं.

शिपाईकाकांनी तर कुणी न सांगता खुर्च्यांच्या पायांना जुने टेनिस बॉल कापून बसवले. खरखर गेली.

आणि डबा खाताना त्याच्याशेजारी काही न बोलता बसणाऱ्या त्या मुलीचेही आभार. तिला बहुधा पत्ताही नसेल.