काकांचं मेंडोलिन विकू नकोस

फोंडा, गोवा

प्रिय बंडू,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून जीव कळवळला. काकांचं मेंडोलिन दुकानदाराने ‘बाद झालंय’ म्हणून परत पाठवलं! अरे, तार दाबताना बोटं सोलवटतात आणि वरच्या पडद्यांवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सूर चढा लागतो, एवढंच ना? मग वाद्य धडधाकट आहे. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, उंच झालीय आणि जागेवरून सरकलीय.

मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच ती उभी असते. म्हणून आठही तारा एकदम सोडू नकोस. तारा सैल करण्याआधी मऊ पेन्सिलीने घोडीच्या पायाशी बारीक खूण कर.

आधी उंची बघ. घोडीच्या दोन्ही टोकांना छोटी पितळी चाकं असतील, ती फिरवली की वरचा भाग खाली-वर होतो. तारा जरा सैल करूनच फिरव. आठ तारांचा ताण ७०-८० किलोंच्या घरात जातो, त्यावर पक्कड लावलीस तर आटेच जातील. बाराव्या पडद्यावर तार दीड ते २ मिलीमीटर उंच राहिली की पुरे. त्याखाली गेलास तर तार पडद्यावर झणझणेल.

मग सूर. यात मात्र घाई करू नकोस, मला तर हेच काम सगळ्यात आवडतं. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून तार छेड, लगेच बोट उचल. घंटीसारखा स्वच्छ स्वर येईल. आता तिथेच दाबून छेड. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी किंचित मागे, तारा अडकवतात त्या टोकाकडे ने. उतरा असेल तर मानेकडे. किंचित म्हणजे नखाच्या जाडीएवढीच. जाड तारांची बाजू बहुधा थोडी मागे राहते, म्हणून घोडी तिरकी दिसली तर घाबरू नकोस. प्रत्येक वेळी तारा पुन्हा सुरात लाव आणि घोडी पुढे झुकली नाही ना, ते बाजूने बघ.

आमच्याकडे पावसात लाकूड ओल पितं, वरची फळी फुगते आणि तारा आपोआप उंच होतात. डिसेंबरात परत खाली बसतात. खाऱ्या हवेने स्क्रूही गंजतात. खुंट्यांच्या दातऱ्यांना सुईच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दे, लाकडावर सांडू देऊ नकोस. सूर लावताना तार ‘टक्’ करून उडत असेल, तर मानेच्या टोकाच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घास. त्या खाचेला कानस मात्र लावू नकोस. खाच एकदा खोल गेली की परत भरून येत नाही.

मान वाकलीय का तेही बघ. एक तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाब. मध्ये केसभर फट चालते. जास्त असेल तर कारागिराकडेच ने.

तारा हलक्या घे, १० ते ३८ चा संच (हे आकडे इंचाच्या हजारांशात तारांची जाडी). जुन्या फळीला तेवढा ताण पुरे. संगीतकार सज्जाद हुसेन याच पडद्यांच्या वाद्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, काढायचे, आठवतं ना, आपण रेडिओला कान लावून बसायचो!

चतुर्थीला येशील तेव्हा घेऊनच ये. आरतीला घुमट-कासाळं (मातीचं तालवाद्य आणि झांजा) आहेच. त्याआधी बाराव्या पडद्यावर काय ऐकू आलं ते सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
आपा